रजेच्या अर्जात खरे कारण लिहिता यावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १० ऑक्टोबर जवळ आला, की नरिमन पॉइंटपासून सीप्झपर्यंत आणि वांद्रे-कुर्ला संकुलापासून मालाडच्या काचेच्या इमारतींपर्यंत कार्यालयांच्या फलकांवर जागतिक मानसिक आरोग्य दिनाची पत्रके लागतात. जेवणाच्या सुट्टीनंतर सभागृहात एखाद्या समुपदेशकाचे व्याख्यान होते, दीर्घ श्वसनाचे दोन-चार प्रकार करून घेतले जातात, हिरवी फीत लावून छायाचित्रे काढली जातात आणि चारच्या सुमारास मंडळी आपापल्या टेबलाशी परततात, जेथे त्या दिवसाचे काम जसेच्या तसे पडलेले असते व ते उरकल्याशिवाय उठता येणार नसते. २०२४ साली तर या दिनाचा विषयच कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हा होता. व्याख्यानांना माझा विरोध नाही. ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला तरी त्यातून बोलण्याचे बळ मिळत असेल. परंतु माझी सगळी नोकरी मुंबईतील कार्यालयांच्या आस्थापना विभागांत गेली. रजेचे अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्रे, औषधांची बिले आणि गोपनीय अहवाल ही माझ्या टेबलावरची रोजची कागदपत्रे होती. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की एखादे कार्यालय आपल्या माणसांच्या मनाची काळजी घेते की नाही हे पाहायचे असेल, तर तेथील व्याख्यानांची यादी बाजूला ठेवून रजेचे अर्ज वाचावेत.

अर्जातील ‘कारण’ या रकान्यात लोक जे लिहितात ते वर्षानुवर्षे ठरलेले असते: व्हायरल ताप, पोटाचा विकार, पाठदुखी, घरगुती अडचण, गावी घराचे काम. त्यातही एक हिशेब दिसतो. मार्चअखेर उलटली की पोट बिघडणाऱ्यांची संख्या वाढते, वार्षिक मूल्यमापनाची पत्रे हाती पडली की पाठी दुखू लागतात आणि एखाद्या विभागात नवा कडक साहेब आला की तेथून सोमवारच्या रजा येऊ लागतात. नैराश्य, चिंताविकार किंवा झोप उडणे ही कारणे मात्र मला फार क्वचित वाचायला मिळाली. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते, असे आढळले. (त्या पाहणीतील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा ‘आमच्याकडे असे काही नाही’ म्हणायलाही आपल्याजवळ आधार नाही.) हे प्रमाण ढोबळमानाने लावले, तरी शंभर माणसांच्या कार्यालयात दहा जण असे असणार. ते रजेच्या नोंदवहीत दिसत नाहीत, कारण ते सगळे पोटाच्या विकाराखाली नोंदलेले असतात.

लोक खोटे का लिहितात, हे मी जवळून पाहिले आहे. हिशेब विभागातील एक अतिशय नेटके काम करणारे गृहस्थ मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार घेत होते आणि त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. नियमाप्रमाणे त्यांनी औषधांचे बिल परताव्यासाठी जोडले. बिले तपासणाऱ्या लिपिकाने गोळ्यांचे नाव मोबाइलवर शोधले, शेजारच्या टेबलाला दाखवले आणि दुपारी डबे उघडेपर्यंत सगळ्या मजल्याला कळले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. उलट सगळे एकाएकी त्यांच्याशी फार जपून बोलू लागले. आठवडाभरात बँकेच्या खात्यांचा ताळमेळ जुळवण्याचे त्यांचे काम, जे त्यांच्याइतके चांगले कोणालाच येत नव्हते, ‘तुम्हाला उगाच त्रास नको’ म्हणून दुसऱ्याकडे सोपवले गेले. पुढे त्यांनी औषधांची बिले देणेच बंद केले आणि स्वतःच्या खिशातून खर्च केला. मजल्यावरच्या इतरांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. मुंबईत अजूनही थट्टेने ‘याला ठाण्याला पाठवा’, म्हणजे तेथील मनोरुग्णालयात पाठवा, असे म्हणतात. अशा शहरात आपल्या गोळीचे नाव कोण उघड करील?

येथे कायदा अगदीच मुका आहे असे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २३ ने रुग्णाला आपल्या आजाराची व उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला. मात्र ती जपण्याचे स्पष्ट बंधन त्यात उपचार करणाऱ्यांवर घातलेले आहे. बिल तपासणाऱ्या लिपिकाचा, रजा मंजूर करणाऱ्या साहेबाचा किंवा प्रमाणपत्राची छायाप्रत काढणाऱ्या शिपायाचा त्यात उल्लेख नाही. ही फट कार्यालयांना स्वतःहून बुजवता येते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र बंद पाकिटात एकाच नेमलेल्या व्यक्तीकडे जावे, विभागप्रमुखाकडे फक्त ‘वैद्यकीय कारणास्तव अमुक दिवसांची रजा योग्य’ एवढाच शेरा पोहोचावा, औषधांची बिले खुल्या ट्रेमधून फिरू नयेत आणि सेवापुस्तकात रोगाचे नाव लिहू नये. ही शिस्त मधुमेहाच्या नि क्षयाच्या रुग्णालाही हवीच असते.

विम्याची गोष्टही अशीच अर्धवट आहे. याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे परिपत्रक काढले आणि तरीही टाळाटाळ चालू राहिल्यामुळे ३१ ऑक्टोबर २०२२ ही मुदत घालून द्यावी लागली. कागदावर समानता आली. परंतु आपल्याकडील बहुतेक गट विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देतात. नैराश्याच्या किंवा चिंताविकाराच्या रुग्णाला सहसा दाखल व्हावे लागत नाही. त्याला महिनोन्महिने तज्ज्ञाची भेट, गोळ्या आणि समुपदेशनाची सत्रे लागतात, म्हणजे बाह्यरुग्ण उपचार लागतात आणि नेमके तेच बहुतेक योजनांमध्ये नसतात. मोठ्या आस्थापना विमा कंपनीशी दरवर्षी वाटाघाटी करून प्रसूतीचा, दातांचा, चष्म्याचा लाभ वाढवून घेतात. त्याच बैठकीत बाह्यरुग्ण मानसोपचारांसाठी मर्यादित का होईना रक्कम मागता येते. ती कोणी मागत नाही, कारण तशी गरज असल्याची एकही नोंद रजेच्या वहीत नसते, आणि खोट्या कारणांचे हे असे चक्र फिरत राहते.

आता रजेकडे येते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार कर्मचाऱ्याला वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि वर्षात २४० दिवस भरले असल्यास कामाच्या दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते; आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. ज्यांचे वेतन महिना २१,००० रुपयांच्या आत आहे त्यांना राज्य कामगार विमा योजनेतून वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपण लाभ मिळू शकतो, पण त्याहून थोडे अधिक कमावणारा लिपिक दोन्हीकडून सुटतो. शिवाय मानसोपचारांना सलग रजेपेक्षा तुकड्या-तुकड्यांची सवड अधिक लागते. केईएम, नायर, शीव किंवा जे. जे. रुग्णालयातील मनोविकार विभागात दाखवायचे तर सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागते आणि ती वेळ नेमकी मस्टरवर सही करण्याची असते. पंधरवड्यातून एकदा जायचे म्हटले, तरी आठ नैमित्तिक रजा चार महिन्यांत संपतात, त्यानंतर लेट मार्क लागू लागतात आणि तीन लेट मार्कांना एक रजा कापणारे कार्यालय असेल, तर रुग्ण उपचार सोडतो. हे मी होताना पाहिले आहे. दोन तासांची वैद्यकीय सवलत, कारण न विचारता, महिन्यातून ठरावीक वेळा, एवढा एक नियम व्याख्यानांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडेल, असे मी आस्थापना विभागातल्या कोणालाही खात्रीने सांगेन.

दीर्घ रजेवरून परतणाऱ्याचा प्रश्न तर आपल्याकडे कोणी विचारातच घेत नाही. पाय मोडलेला कर्मचारी परतला, की त्याला खुर्ची सरकवून दिली जाते. मनाच्या आजारातून सावरून आलेल्याला ‘फिटनेस’, म्हणजे कामास योग्य असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, घेऊन या म्हणून दोनदा परत पाठवले जाते, साचलेल्या फायलींचा गठ्ठा पहिल्याच दिवशी समोर ठेवला जातो आणि आजाराच्या काळात झालेल्या चुकांबद्दलची कारणे दाखवा नोटीसही वाट पाहत असते. या शेवटच्या गोष्टीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटले, की मानसिक अपंगत्व हे ज्या वर्तनामागील एक कारण आहे, त्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम २० तर सांगतेच, की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये वा त्याची पदावनती करू नये. ते काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. खासगी कार्यालयांवर हे बंधन तसेच्या तसे नाही. परंतु पहिले दोन-तीन आठवडे अर्धा दिवस काम, वेगळे टेबल नको पण वेगळी मुदत, एवढे करायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

हे सगळे झाले आजारी पडल्यानंतरचे. आजार निर्माण होण्यात कामाचा वाटा किती, यावर कार्यालये सहसा बोलत नाहीत, कारण मग चर्चा समुपदेशकाच्या खोलीतून निघून व्यवस्थापकाच्या दालनात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कामाचा बोजा, वेळा, वरिष्ठांची वागणूक आणि कामावर परतण्याची व्यवस्था यांवर उपाय सुचवलेले आहेत. नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असाही या संघटनेचा अंदाज आहे. कामाच्या ताणातून येणाऱ्या ‘बर्नआउट’ला तिने रोग म्हटलेले नाही, आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद नोकरीशी निगडित स्थिती म्हणून आहे, म्हणजे त्याचे मूळ माणसाच्या कमकुवतपणात शोधायचे कारण नाही.

आणि आपल्याकडे काय चालले आहे? आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करावे, असे सल्ले उद्योगपती देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील दिवसाचे काम नऊवरून दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. हा निर्णय घेताना बदलापूर, टिटवाळा किंवा विरारहून येणाऱ्या माणसाचा दिवस कोणी मांडून पाहिला होता का, याची मला शंका आहे. जाण्यायेण्याचे तीन-साडेतीन तास, तेही बहुधा उभ्याने, दहा तासांत मिळवले की स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि झोप एवढ्यांत वाटण्यासाठी साडेदहा तास उरतात. आणि त्या साडेदहा तासांतही रात्री उशिरा विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर साहेबांचा ‘कृपया आजच कळवा’ असा निरोप येतो, ज्याला कोणी आधी अंगठा दाखवला हे सगळे पाहत असतात. कामाच्या वेळेनंतर असे निरोप नाकारण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ अखेर लोकसभेत मांडले होते आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून असा कायदा आहे. आपल्याकडे खासगी विधेयकांचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे, पण एखाद्या कार्यालयाने रात्री आठनंतर गट बंद ठेवायचे ठरवले, तर त्याला संसदेची गरज नाही.

कामाची रचना बदलता येते, याचे उदाहरण याच शहरात आहे. मुंबई पोलिसांचे बारा-बारा तासांचे, प्रसंगी त्याहून लांबणारे काम हा अपरिहार्य भाग मानला जात होता. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि त्याचा आराखडा त्याच ठाण्यातील एका पोलीस शिपायाने तयार करून वरिष्ठांपुढे ठेवलेला होता. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो ऐकून घेतला व राबवून पाहिला. मनुष्यबळ तेवढेच ठेवून पाळ्यांचे गणित नव्याने मांडता येते, हे सल्लागार कंपनीला कळण्याआधी रोज ती पाळी करणाऱ्याला कळले. तो प्रयोग पुढे सर्वत्र आणि सातत्याने टिकला असता तर अधिक बरे झाले असते, परंतु कामाचा ताण कमी करण्याचा उपाय कोणाला विचारावा, याचे उत्तर त्यातून मिळते. आपल्या किती कार्यालयांत कनिष्ठ लिपिकाला किंवा टेलिकॉलरला ‘तुझ्या कामातले काय बदलले तर तुला हलके वाटेल’ असे कोणी विचारले आहे?

वरिष्ठांच्या वागण्याबद्दल थोडेच लिहिते, कारण ते सर्वांना माहीत आहे. भर हॉलमध्ये सर्वांसमोर फाइल आपटून बोलणारा अधिकारी टार्गेट पूर्ण करीत असेल, तर त्याच्या गोपनीय अहवालात ‘कार्यक्षम व कणखर’ असा शेरा पडतो. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आणि ती कागदोपत्री का होईना अस्तित्वात आली. रोजच्या अपमानासाठी मात्र कोठे जायचे हे ठरलेले नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. तोच विद्यार्थी दोन वर्षांनी पाचशे जणांच्या कार्यालयात रुजू होतो, तेव्हा त्याच्यासाठी अशी कोणतीही सक्ती राहत नाही.

समुपदेशक नेमा ही मागणी मी करते, पण सर्व कर्मचाऱ्यांची मानसिक तपासणी सक्तीची करावी, ही अलीकडे ऐकू येणारी मागणी मला धोक्याची वाटते. नव्या कामगार संहितांनुसार चाळिशीपुढील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मोफत व्हायची आहे आणि तिच्यातच मनाविषयीची प्रश्नावली घालावी, असे काहींचे म्हणणे आहे. बिलावरची गोळी जेथे दुपारपर्यंत मजलाभर होते, तेथे ती प्रश्नावली कोणाच्या कपाटात जाईल आणि कपातीच्या यादीला तिचा कसा उपयोग होईल, याचा आधी विचार व्हावा.

आणखी एक मोठा वर्ग आहे, ज्याच्याकडे रजेचा अर्जच नाही. इमारतीच्या दारातील कंत्राटी सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या बाया, दुचाकीवरून जेवण पोहोचवणारी मुले यांच्यासाठी न येणे म्हणजे त्या दिवसाचे पैसे बुडणे. त्यांच्यासाठी आज हाताशी असलेली एक सोय म्हणजे केंद्र सरकारची १४४१६ ही ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा, जी ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. कार्यालयांनी हा क्रमांक स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या संकेतस्थळावर लपवून न ठेवता तळमजल्यावर, जेथे रक्षक बसतात आणि डिलिव्हरीची मुले थांबतात, तेथे मोठ्या अक्षरांत लावावा.

राज्याच्या कामगार विभागाकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. दुकाने व आस्थापना अधिनियमात आजारपणाची स्वतंत्र रजा असावी व तीत मानसिक आजाराचा स्पष्ट उल्लेख असावा. वैद्यकीय कागदपत्रांच्या गोपनीयतेची जबाबदारी मालकावर टाकणारा नियम व्हावा. आणि दहा तासांच्या दिवसाला मान्यता देताना जादा कामासाठी कर्मचाऱ्याची जी लेखी संमती घ्यायची म्हटले आहे, ती खरोखर स्वेच्छेची आहे की नाही, हे कोण आणि कसे तपासणार, हे जाहीर करावे. आपल्या दैनिकाने या तीन मुद्द्यांवर विभागाची भूमिका विचारून ती प्रसिद्ध करावी, ही नम्र विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त आस्थापना अधिकारी,
मुलुंड (पूर्व), मुंबई